मुलाच्या स्पर्धात्मक फिगर स्केटिंगचा खर्च: नव्या पालकांनी हिशेब कसा मांडावा

फिगर स्केटिंगचा, म्हणजे बर्फावर संगीताच्या तालावर उड्या आणि फिरक्या घेण्याच्या खेळाचा, खर्च पहिल्या वर्षी फारसा जाणवत नाही आणि पालक गाफील राहतात ते त्यामुळेच. सुरुवातीला आठवड्यातून एकदा सामूहिक वर्ग असतो, बूट रिंकवर (स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर) भाड्याने मिळतात, हातमोजे घरात असतातच; पोहण्याच्या किंवा चित्रकलेच्या वर्गाला जेवढे लागतात तेवढेच पैसे येथे लागतात असे वाटते. मग एके दिवशी प्रशिक्षक सांगतात की मुलीत गुण आहेत, तिला स्वतंत्र शिकवणी लावावी, आणि त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत स्केटिंग घरच्या अंदाजपत्रकात पाय पसरून कधी बसले हे कोणाच्या लक्षात येत नाही. माझी मुलगी नऊ वर्षे स्पर्धांत उतरत होती आणि तिच्या खर्चाची वही मीच ठेवत असे. त्या काळात मध्यम उत्पन्नाची जी कुटुंबे शेवटपर्यंत टिकलेली मी पाहिली, त्यांच्यात एक गोष्ट समान होती: पुढची पायरी चढण्याआधीच, कशावर खर्च करायचा नाही हे त्यांनी ठरवून ठेवलेले होते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: खर्च सत्रांमध्ये मोजावा

सर्वांत मोठी दोन कलमे म्हणजे बर्फ (सरावासाठी रिंकचे भाडे) आणि प्रशिक्षक. बाकी सर्व कलमे एकत्र केली तरी बहुतेक कुटुंबांत ती या दोघांच्या मागेच राहतात. म्हणून प्रथम वर्षाची सत्रे मोजावीत. आठवड्यातून पाच दिवस रोज एक सत्र आणि वर्षात चाळीस आठवडे सराव धरला, तर २०० सत्रे होतात. त्यांपैकी दोन दिवशी दुसरे सत्र जोडले, की आकडा २८० वर जातो. अर्ध्या तासाच्या तीन शिकवण्या आठवड्याला धरल्या, तर वर्षाच्या १२० होतात. या दोन संख्यांना आपल्या रिंकच्या आणि प्रशिक्षकांच्या दराने गुणले, की खर्चाचा गाभा हाती येतो.

पुढची युक्ती साधी असली तरी मला तिचा सर्वांत अधिक उपयोग झाला. एका सराव सत्राची किंमत हे आपले नाणे मानावे आणि प्रत्येक खर्च त्या नाण्यात लिहावा. पोशाखावरचे मणी म्हणजे किती सत्रे, दूरगावच्या स्पर्धेची फेरी म्हणजे किती सत्रे, असे लिहू लागल्यावर घरातला वाद आपोआप सोपा होतो, कारण रक्कम मोठी की लहान हा प्रश्न मागे पडतो आणि एवढ्या सत्रांचा सराव सोडून ही वस्तू घ्यावी का, असा प्रश्न समोर येतो. दहा वर्षांच्या मुलीलाही हा हिशेब कळतो.

लहान कलमांची यादीही आधीच करून ठेवावी, कारण ती एकेक करून येतात आणि म्हणून दिसत नाहीत: क्लबचे सभासदत्व, राष्ट्रीय संघटनेची नोंदणी, स्केटिंगच्या पातळीच्या चाचण्यांचे शुल्क, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, बुटाखालच्या ब्लेडची धार, संगीताची काटछाट, नृत्यरचना, पोशाख, बर्फाबाहेरचा व्यायाम, बॅले, प्रवास आणि दुखापतीनंतरचे उपचार. यांत नवख्यांना हमखास चकवणारे कलम म्हणजे स्पर्धेच्या ठिकाणी प्रशिक्षकांची हजेरी. प्रशिक्षकांचा प्रवास, मुक्काम आणि त्या दिवशी बुडालेल्या त्यांच्या शिकवण्या यांचा भार बहुधा तेथे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबांत वाटला जातो; सहा मुले गेली तर तो हलका असतो, एकटेच मूल गेले तर सगळा एकाच घरावर येतो. स्पर्धा निवडताना क्लबमधली आणखी किती मुले तेथे जाणार आहेत हे विचारणे म्हणूनच शहाणपणाचे असते.

दुसरी पायरी: खर्चाची उडी केव्हा येते ते ओळखावे

हा खर्च हळूहळू चढत नाही, तो ठराविक ठिकाणी उडी मारतो. सामूहिक वर्गातून स्वतंत्र शिकवणीकडे जाणे ही पहिली उडी. ॲक्सेल ही उडी आणि त्यापाठोपाठ दुहेरी (हवेत दोन फेऱ्यांच्या) उड्या सुरू होणे ही दुसरी, कारण ॲक्सेलमध्ये खेळाडू पुढे तोंड करून उडतो आणि हवेत दीड फेरी घेतो, ती बसायला महिने लागतात, आणि त्यासाठी रोजचा सराव व अधिक आधार देणारे बूट दोन्ही एकाच वेळी लागतात. तिसरी उडी दुहेरी ॲक्सेल आणि तिहेरी उड्यांच्या आसपास येते. येथे शाळेचे वेळापत्रक, दुसरे प्रशिक्षक, वारंवार होणारा प्रवास असे सगळे प्रश्न एकदम दारात उभे राहतात.

या प्रत्येक उडीच्या आधी कुटुंबाने बसून पुढच्या दोन वर्षांचा आकडा लिहावा. वयाचा नियमही लक्षात घ्यावा. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा वाढवत नेली आणि २०२४-२५ च्या हंगामापासून ती १७ वर्षे केली; पूर्वी ती १५ होती. मुलांच्या शरीराच्या आणि मनाच्या दृष्टीने हा निर्णय मला योग्य वाटतो, परंतु त्याचा आर्थिक अर्थ असा, की ज्या घरात शिखराची स्वप्ने पाहिली जातात त्या घराला कनिष्ठ गटातली वर्षे अधिक काळ पोसावी लागतात. चौदाव्या वर्षी सर्व बचत संपवून बसणे म्हणजे अर्ध्या वाटेत शिदोरी संपवणे होय.

तिसरी पायरी: बूट आणि ब्लेड येथे काटकसर उलटते

वाढत्या पायाला एक-दोन माप मोठे बूट घेणे ही बहुतेक पालकांची पहिली चूक असते आणि आम्हीही ती केली. शाळेच्या बुटांत ती खपते, स्केटमध्ये नाही. टाच आत हलली, तर पाय बोटांनी बूट पकडू लागतो, घोट्यावर फोड येतात आणि ब्लेडच्या कडेवरचा तोल कधीच पक्का होत नाही. मग त्या चुकीच्या सवयी मोडण्यासाठी शिकवण्यांचे पैसे जातात. बूट घालून सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या बाजूला किंचित टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर ती मागे सरकावीत. टाच मात्र जागची हलता कामा नये. वाढीसाठी ठेवायचीच झाली, तर अर्ध्या मापाहून अधिक जागा ठेवू नये. दोन्ही पायांचे माप घ्यावे आणि रुंदीही मोजावी, कारण रुंदी चुकलेला बूट महागडा असला तरी चावतोच.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची असते. पुढे तिहेरी उड्या करायच्याच आहेत, तर आताच सर्वांत ताठ बूट घेऊ, असा विचार पालक करतात. कमी वजनाच्या आणि एकेरी उड्या शिकणाऱ्या मुलाला ताठ बुटात घोटा वाकवताच येत नाही, गुडघा पुरेसा खाली जात नाही, आणि उतरतानाचा धक्का पाठीकडे जातो. बुटाचा ताठपणा मुलाच्या आजच्या पातळीशी व वजनाशी जुळावा. अगदी सुरुवातीला बूट आणि ब्लेड जोडूनच मिळणारा संच पुरतो. एकेरी उड्या पक्क्या होऊन ॲक्सेल समोर दिसू लागली, की स्वतंत्र बूट आणि स्वतंत्र ब्लेड घेण्याची वेळ येते. स्वतंत्र ब्लेडचा एक फायदा असा, की पाय वाढून बूट बदलला तरी नव्या बुटाच्या तळाशी लांबी जुळत असेपर्यंत तेच ब्लेड त्यावर बसवता येते.

जुने बूट घ्यावेत का? लहान मुलांसाठी अवश्य घ्यावेत, कारण मुले बूट झिजवण्याआधी त्यांतून मोठी होतात. मात्र पाहायचे काय, हे ठाऊक हवे. बूट हातात घेऊन घोट्यापाशी दाबून पाहावा. तेथे खोल घडी पडलेली असेल आणि वरचा भाग सहज एका बाजूला लवत असेल, तर तो बूट फुकट मिळाला तरी घेऊ नये. मग ब्लेड उलटे करून उजेडात धरावे. ब्लेडच्या खालच्या कडेला चकचकीत मुलामा नसलेली एक पट्टी असते. धार लावता लावता ती अरुंद होत जाते आणि मुलाम्यापर्यंत पोहोचली, की त्या ब्लेडचे आयुष्य संपले. पट्टी अजून रुंद असेल आणि पुढचे दाते शाबूत असतील, तर ते ब्लेड बिनधास्त घ्यावे.

धारेबाबत मी एकदा पैसे वाचवले आणि ते चांगलेच महागात पडले. आमच्या नेहमीच्या कारागिराकडे जायला वेळ नव्हता म्हणून एका ठिकाणी स्वस्तात धार लावून घेतली, आणि त्या माणसाने पुढचा खालचा दाता घासून गुळगुळीत केला. फिगर स्केटिंगचे ब्लेड सपाट नसते. लांबीत ते सात किंवा आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळाच्या तुकड्यासारखे किंचित वक्र असते, आणि रुंदीत मध्ये खाच व दोन्ही बाजूंना कडा असतात. फिरकीचा आणि वळणाचा सगळा जीव त्या वक्रतेत असतो. बेफिकीर धारेने वक्रता बिघडली, तर ती पुन्हा आणता येत नाही, नवे ब्लेडच घ्यावे लागते. धार लावून आणल्यावर दोन्ही कडांवर आडवे नाणे ठेवून ब्लेड डोळ्यांसमोर धरावे. नाणे ब्लेडशी काटकोनात दिसले, तर कडा सारख्या उंचीच्या आहेत, तिरपे दिसले तर परत न्यावे.

रोजची निगा फुकट असते आणि वर्षाला बरेच पैसे वाचवते. बर्फावरून उतरताच ब्लेड आणि त्याचे स्क्रू कोरड्या फडक्याने पुसावेत. चालण्यासाठी प्लास्टिकचे कडक आवरण असते, ते पिशवीत तसेच ठेवू नये, कारण आत अडकलेल्या पाण्याने एका रात्रीत गंज धरतो; साठवणीला कापडी मऊ आवरण वापरावे. हे काम पहिल्या दिवसापासून मुलाकडेच द्यावे.

चौथी पायरी: प्रत्येक सत्रातून पूर्ण मोल वसूल करावे

प्रशिक्षक ठरवताना दर विचारायला पालक संकोचतात. संकोचू नये. शिकवणी किती मिनिटांची मोजतात, आयत्या वेळी रद्द केल्यास किती पैसे लागतात, स्पर्धेच्या हजेरीचे, नृत्यरचनेचे आणि संगीताच्या काटछाटीचे वेगळे शुल्क आहे का, हे सर्व लेखी मागावे. चांगल्या प्रशिक्षकांना या प्रश्नांचा राग येत नाही. प्रशिक्षकांना आपली वार्षिक मर्यादाही मोकळेपणाने सांगावी. मर्यादा ठाऊक असलेले प्रशिक्षक त्या मर्यादेत बसणारी योजना आखतात, ठाऊक नसलेले बिचारे त्यांना सर्वोत्तम वाटणारी आखतात.

सरावाच्या सत्रात जाणारी मिनिटे पाहावीत. पंचेचाळीस मिनिटांच्या सत्रात नाड्या पुन्हा बांधणे, मैत्रिणीशी कठड्याला टेकून गप्पा, पाणी आणि नाक पुसणे यांत पंधरा मिनिटे सहज जातात, म्हणजे सत्राचा तिसरा हिस्सा. मुलाने बर्फावर पाऊल ठेवण्याआधी दोरीच्या उड्या आणि अंग मोकळे करणे संपवलेले असावे. शिकवणी सत्राच्या अगदी सुरुवातीला ठेवू नये, नाहीतर प्रशिक्षकांचे पैसे देऊन मुलाचे अंग गरम होते. प्रत्येक शिकवणीनंतर मुलाने एका छोट्या वहीत दोनच ओळी लिहाव्यात: आज काय दुरुस्त केले आणि उद्या एकट्याने कशाचा सराव करायचा. माझ्या अंदाजाने या वहीने आमची आठवड्याची एक शिकवणी वाचवली.

हवेतल्या फेऱ्यांची सवय बर्फाबाहेर, साध्या बुटांत, मोकळ्या जागेत करता येते आणि तिला भाडे लागत नाही. दोन सारख्या पातळीच्या मुलांनी मिळून एक शिकवणी घेणेही सुरुवातीच्या वर्षांत चांगले चालते, विशेषतः कडांचे आणि पावलांचे व्यायाम करताना. अनेक रिंक पहाटेची किंवा शाळेच्या वेळेतली सत्रे कमी दराने देतात आणि एकत्र घेतलेल्या सत्रांवर सूट देतात. मात्र एकत्र सत्रे घेताना गेल्या हंगामात मूल प्रत्यक्षात किती दिवस हजर होते तो आकडा पाहावा, आपल्या उमेदीचा नव्हे. मुदत संपून वाया गेलेली सत्रे सर्वांत महाग असतात.

स्पर्धेतूनही फुकट मार्गदर्शन मिळते. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधील पंचांच्या वादानंतर, २००४ मध्ये स्वीकारलेल्या गुणपद्धतीत प्रत्येक उडीला, फिरकीला आणि पावलांच्या मालिकेला वेगळे गुण मिळतात, आणि ही पद्धत वापरणाऱ्या स्पर्धांत तपशीलवार गुणपत्रिका मिळते. बहुतेक पालक तिच्यावरचा एकूण आकडा पाहून ती बाजूला ठेवतात. ती प्रशिक्षकांसोबत ओळीने वाचावी: उडीची फेरी अपुरी ठरली का, फिरकीला कोणती पातळी मिळाली. पुढच्या दोन महिन्यांच्या शिकवण्या कशावर खर्च करायच्या हे तीच सांगते. स्पर्धांची संख्या मात्र कमी ठेवावी. हंगामाच्या सुरुवातीला जवळची एक, मध्ये एक, आणि पात्रतेची, एवढ्या लहान वयात पुरतात.

पाचवी पायरी: कार्यक्रम आणि पोशाख

येथे बिनदिक्कत हात आखडावा. तोच कार्यक्रम, म्हणजे संगीतावर बसवलेली स्पर्धेची रचना, दोन हंगाम वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. जपानच्या युझुरू हान्यू यांनी एकच लघु कार्यक्रम (स्पर्धेतल्या दोन सादरीकरणांपैकी छोटे) २०१४-१५, २०१५-१६ आणि पुन्हा २०१७-१८ मध्ये सादर केला आणि त्याच हंगामात, २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये, आपले दुसरे सुवर्णपदक जिंकले. जगज्जेत्याला जे चालते ते अकरा वर्षांच्या मुलाला चालायला हरकत नाही. उलट दुसऱ्या वर्षी संगीत अंगात भिनलेले असते आणि फक्त वाढलेल्या कौशल्यानुसार उड्या बदलाव्या लागतात.

पोशाखाला स्वतंत्र गुण नसतात. २०२२-२३ पासून सादरीकरणाच्या बाजूचे गुण रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य या तीन घटकांवर दिले जातात, त्यांत कपड्यांच्या किमतीला स्थान नाही. उलट पोशाखाचा एखादा भाग बर्फावर पडला, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एक गुण वजा होतो, म्हणून घरी शिवलेल्या पोशाखाची टाके-बटणे मात्र ओढून पाहावीत. मोठ्या मुलींचे लहान झालेले पोशाख क्लबमध्ये हातोहात फिरतात; त्यावरचे मणी काढून पुढच्या पोशाखाला लावता येतात.

सहावी पायरी: पैसा आत कसा येईल

अमेरिकेच्या नॅन्सी केरिगन यांनी १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि १९९४ मध्ये रौप्यपदक मिळवले. त्यांचे वडील वेल्डर होते. मुलीच्या स्केटिंगसाठी त्यांनी जादा कामे केली आणि शिकवणीच्या मोबदल्यात रिंकवर बर्फ सपाट करणारे यंत्र चालवले. ही वाट आजही बंद नाही. रिंकला आणि क्लबला सतत माणसे लागतात: सत्रांची नोंद ठेवणारे, संगीत लावणारे, संकेतस्थळ सांभाळणारे, हिशेब तपासणारे. पैसे न मागता सत्रांच्या रूपात मोबदला मिळेल का, असे थेट विचारावे. मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले, की लहान मुलांच्या वर्गात मदतनीस म्हणून त्यालाही थोडी कमाई करता येते, आणि दुसऱ्याला शिकवताना त्याच्या स्वतःच्या मूलभूत गोष्टी पक्क्या होतात.

शिष्यवृत्त्यांसाठी क्लब, प्रादेशिक व राष्ट्रीय संघटना आणि खेळाडूंनी स्थापन केलेले न्यास अशा तीन ठिकाणी चौकशी करावी. बहुतेक अर्जांत निकाल, शाळेतले गुण आणि कुटुंबाचे उत्पन्न मागितले जाते. ही कागदपत्रे एका फायलीत वर्षभर तयार ठेवली, तर मुदतीच्या आदल्या रात्री धावपळ होत नाही. क्लबच्या निधीसंकलनात भाग घेण्याआधी जमा झालेला पैसा सर्वांसाठी वापरला जातो की ज्याने गोळा केला त्याच्या खात्यात जातो, हे विचारावे, कारण धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या क्लबांना अनेक ठिकाणी एका मुलाच्या नावे पैसा वळता करण्यावर बंधने असतात.

पुरस्कर्त्यांविषयी मोठ्या आशा बाळगू नयेत. अमेरिकेचे स्केटर स्कॉट हॅमिल्टन यांना १९७६ मध्ये पैशाअभावी स्केटिंग सोडण्याची वेळ आली होती; एका दांपत्याने त्यांचा भार उचलला आणि १९८४ मध्ये त्यांनी ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. ही गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच ती धोकादायक आहे, कारण प्रत्येक क्लबमधले निदान एक कुटुंब अशा दांपत्याची वाट पाहत कर्ज काढत असते. बक्षिसाच्या रकमा तर अगदी वरच्या पातळीवरच्या मोजक्या खेळाडूंपर्यंतच पोहोचतात. अंदाजपत्रकात दोन्हींच्या रकान्यात शून्य लिहावे.

सातवी पायरी: मर्यादा ठरवणे आणि ती पाळणे

आईवडिलांनी प्रथम दोघांतच बोलून एक वार्षिक रक्कम ठरवावी. ती ठरवताना निवृत्तीची बचत, आजारपणाची तरतूद आणि भावंडांचे शिक्षण यांना हात लावू नये. भावंडांची गोष्ट पैशापुरती नसते. शनिवार-रविवारही एकाच मुलाच्या वाट्याला जातात, आणि धाकट्याला ते शब्दांत सांगता आले नाही तरी कळत असते. घर गहाण टाकून तिहेरी उड्या शिकवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाला मर्यादा सांगावी, परंतु आम्ही तुझ्यासाठी किती खर्च केला हे पडल्यानंतरच्या संध्याकाळी गाडीत कधीही काढू नये. ते वाक्य मूल पुढच्या प्रत्येक उडीत सोबत घेऊन जाते.

एकेरी स्पर्धा परवडेनाशी झाली, तर बर्फ सोडावाच लागतो असे नाही. समूह स्केटिंगच्या वरिष्ठ संघात सोळा खेळाडू असतात, त्यामुळे बर्फाचे भाडे, प्रशिक्षक आणि नृत्यरचना यांचा भार सोळा घरांत वाटला जातो. प्रवास मात्र वाढतो. जोडी किंवा आइस डान्समध्ये (बर्फावरच्या जोडीनृत्यात) दोन कुटुंबांनी बर्फ, प्रशिक्षक आणि पोशाख यांची विभागणी कशी करायची, आणि जोडी मोडल्यास भरलेल्या पैशांचे काय, हे लेखी ठरवावे. ही बोलणी अवघड वाटतात, पण जोड्या मोडतात तेव्हा ती कागदावर नसणे त्याहून अवघड जाते.

मर्यादेचा फेरविचार वर्षातून एकदा, हंगामातली शेवटची स्पर्धा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी करावा, पदकाच्या किंवा पराभवाच्या दिवशी नव्हे. त्या बैठकीत वही, गुणपत्रिका आणि मूल तिघेही हजर असावेत, आणि पहिला प्रश्न मुलाला असावा: पुढच्या वर्षीही पहाटे उठायचे आहे का? आमच्या मुलीने स्पर्धांच्या नवव्या वर्षी या प्रश्नाला लगेच उत्तर दिले नाही. आम्ही आठवडाभर थांबलो, मग तिने आठवड्यातून दोन सत्रे ठेवून बाकी सोडून द्यायचे ठरवले, आणि स्पर्धेचे बूट पुसून, ब्लेडला कापडी आवरण चढवून, क्लबच्या फलकावर विक्रीची चिठ्ठी लावली. ते बूट घ्यायला आलेल्या बाईंना ब्लेड उजेडात धरून ती पट्टी कोठे पाहायची हे तिनेच दाखवले.